पैसा आधी कर्जात जन्मतो

खरीप तोंडावर आला की कर्ज मागणाऱ्याला बँकेत हमखास ऐकवलं जातं, ‘लोकांच्या ठेवींचा पैसा आहे, जपूनच वाटावा लागतो.’ हे अर्धसत्य आहे, आणि त्याची किंमत भंडारा जिल्ह्यातला लहान शेतकरी मोजतो.

लाखांदूरच्या शेतकऱ्याला धानासाठी ५० हजारांचं पीककर्ज मंजूर झालं असं धरा. बँक कुणाच्याही मुदतठेवीला हात लावत नाही. ती दोन नोंदी करते: शेतकऱ्याकडून येणं ५० हजार, शेतकऱ्याच्या खात्यात जमा ५० हजार. ही जमा म्हणजे नवी ठेव, काल ती देशात कुठंच नव्हती. रोवणीची मजुरी, खत, ट्रॅक्टरचं भाडं असा तो पैसा फिरतो. धानाचे चुकारे आले, कर्ज फिटलं, की तेवढा पैसा पुन्हा नाहीसा होतो. बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे उघड लिहिलं. आपल्या देशातही लोकांच्या हातातल्या नोटा-नाणी एकूण पैशाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास आहेत; बाकी बहुतेक पैसा म्हणजे बँकखात्यांतले आकडे.

बँकेला मर्यादा आहेतच. खतवाल्याचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर तिकडे खरी शिल्लक द्यावी लागते, आणि बुडालेलं कर्ज बँकेचं भांडवल खातं. जिल्हा बँकेसारख्या लहान बँकेला ठेवी हव्यात त्या यासाठी. पण कर्ज द्यायचं की नाही हे ठरतं ते मुख्यतः बँकेचा माणसावर किती भरवसा आहे यावर.

बटईनं बांधी कसणाऱ्यावर हा भरवसा नाही. सातबारा त्याच्या नावावर नाही, म्हणून त्याच्यासाठी पैसा जन्मतच नाही. तो सावकाराकडे जातो. सावकार आपल्याजवळचाच पैसा देऊ शकतो. कर्ज देता देता नवा पैसा निर्माण करण्याचा अधिकार फक्त बँकेला आहे, आणि तो तिला रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वतीनं मिळालेला आहे. तो कुणासाठी वापरला, हे विचारणं आपला हक्क आहे.

विचारायची जागाही आहे. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या ६० टक्के कर्जवाटप करावं अशी अपेक्षा आहे. जिल्ह्याचं प्रमाण ४० टक्क्यांखाली गेलं तर खास उपसमिती नेमायची असते. बटईदारांसाठी संयुक्त देयता गटांची सोय आहे. बँक ऑफ इंडिया जिल्ह्याची अग्रणी बँक आहे. तिनं लाखांदूर, पवनी, साकोली, मोहाडी, प्रत्येक तालुक्यातल्या शाखेचा कर्ज-ठेवींचा आकडा दर तिमाहीला जाहीर करावा, आणि बटईदारांचे किती अर्ज आले, किती फेटाळले, का फेटाळले, हेही त्याच कागदावर लिहावं.