बारा महिन्यांचा पाहुणा

जामसांवलीला मंगळवारी किंवा शनिवारी गेलात, तर देवळाबाहेर कोरी करकरीत गाडी हमखास दिसते. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं आणि स्टेअरिंगवर घरातला सगळ्यांत थंड डोक्याचा माणूस. लिंबं चिरडत गाडी पुढे घ्यायची असते आणि नेमका समोर नारळ फोडणारा काका उभा असतो, म्हणून ही निवड. आत पिंपळाखाली मारुतीराय आडवे पहुडलेले आहेत. आजवर त्यांच्या दारात किती मारुती पावन झाल्या, याचा हिशेब खुद्द कंपनीलाही देता येणार नाही.

पूजा आटोपली की कुणीतरी विचारतंच, ‘‘किती बसली बाप्पा?’’ मालक छाती फुगवून ऑन रोड किंमत सांगतो. त्या किमतीत गाडी आली, विमा आला, रोड टॅक्स आला. फक्त ही किंमत आपल्याच राज्यातल्या रस्त्यांपुरती आहे, हे शोरूमवाला सांगत नाही, आणि हार घातलेल्या गाडीपुढे असलं अभद्र बोलायचंही नसतं.

जामसांवलीच्या पार्किंगमध्ये एमपी २८ च्या शेजारी एमएच ३१, एमएच ४०, एमएच ४९ अशा गाड्या गुण्यागोविंदाने उभ्या असतात. छिंदवाड्याचं पासिंग कुठलं आणि नागपूरचं कुठलं, हे मारुतीराय बघत नाहीत. सरकार बघतं. आणि या भानगडीचं मूळ आमच्या आजोबांच्या काळात आहे.

३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री आजोबा छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरला झोपले, तेव्हा त्यांची राजधानी पासष्ट-सत्तर किलोमीटरवरच्या नागपूरला होती. सकाळी उठले तर ती भोपाळला गेलेली. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि आजोबांची सख्खी बहीण सावनेरला बसल्या जागी परराज्यात गेली. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, पण राज्याची रेघ होती तिथेच आहे. त्या रेघेने माणसांचं काही अडलं नाही. मुली दिल्या, सुना आणल्या, संत्री नागपूरच्या बाजारात जात राहिली आणि ‘नागपुरी’ म्हणून पुढे विकली गेली. पेट्रोल तिकडे थोडं स्वस्त पडतं म्हणून आमच्या गाड्या नागपूरला रिकाम्या टाकीने जातात आणि भरल्या टाकीने येतात. अडलं ते मोटारीचं. मोटारीवरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि तिजोरीला आत्या-मावशी नसते.

नोकरीपायी आम्ही नागपूरला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा हे अंगाशी आलं. पलंग गेला, कपाट गेलं, तुळस गेली, बायकोच्या लोणच्याच्या बरण्या मांडीवर बसून गेल्या. कुणीही कुणाची नाहरकत मागितली नाही. गाडीची मात्र मागितली. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४७: एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यायचा. त्याआधी कलम ४८ प्रमाणे जुन्या राज्याची एनओसी आणायची. म्हणजे बारा महिने तुम्ही पाहुणे. तेराव्यात यजमान बिल पुढे करतो.

एनओसीसाठी फॉर्म २८ भरायचा. गाडी चोरीची नाही याचा दाखला हवा, दंडाची बाकी नको, कर्ज असेल तर बँकेची वेगळी नाहरकत हवी. या सगळ्यात एक काम मात्र मला मनापासून आवडलं. एजंटाचा पोऱ्या आला, त्याने बॉनेट उघडलं, चेसिस नंबरावरची धूळ थुंकी लावून अंगठ्याने पुसली, त्यावर कागदाची पट्टी धरली आणि शिसपेन्सिल आडवी घासायला लागला. राखाडी ढगातून एकेक आकडा वर येत गेला. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून असेच छाप काढायचो. तेव्हा त्याचे पैसे पडत नव्हते.

पोऱ्याने पट्टी उजेडात धरली आणि म्हणाला, ‘‘काकाजी, गाडीचं ओरिजनल बिल पाहिजे.’’

‘‘आता कायले पाहिजे? टॅक्स तर तेव्हाच भरला ना, पंधरा वर्षांचा.’’

‘‘तो एमपीचा होता. महाराष्ट्राचा कुठी भरला तुमी?’’

या मुलाला वकिलीला घालायला हवा होता. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर ११ टक्के. गाडी जुनी असली की वयाप्रमाणे तो कमी होतो, पण मूळ धरायचं ते खरेदीचं बिल. ते बिल घरात लग्नाच्या अल्बमखाली सापडलं. जन्मभराचे दोन्ही व्यवहार एकाच पेटीत नीट जपून ठेवलेले होते आणि दोन्हींची वॉरंटी संपलेली होती. हे मी मोठ्याने बोललो नाही.

यावर कायदा एक मलम देतो. राहिलेल्या वर्षांचा कर जुन्या राज्याकडून परत मागता येतो. मात्र आधी नव्या राज्यात कर भरायचा, नवी नोंदणी करायची आणि त्याचे पुरावे घेऊन जुन्या दारात जायचं. घेताना ‘आत्ता’ आणि देताना ‘बघू’, ही रीत सावकारांनी शोधून काढली आणि तिजोऱ्यांनी टिकवली. आमच्या ओळखीतले बरेच लोक या परताव्याच्या वाटेला जातच नाहीत. जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि बुडालेल्या रजा मोजल्या, की रक्कम सोडून दिलेली परवडते.

तोवर बारा महिन्यांचा पाहुणचार कसा असतो, तेही पाहून घ्या. नागपूरच्या चौकात सिग्नलला शंभर गाड्या उभ्या असल्या, तरी शिट्टीवाल्याची नजर एमपी पासिंगवर अचूक पडते. कधीपासून चालवून राहिले इकडे, या प्रश्नाला ‘कालच आलो’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते देताना डिकीत नागपूरच्या किराणा दुकानाची पिशवी दिसू द्यायची नाही. पुढे नवा नंबर लागला आणि आम्ही हौसेने जामसांवलीला गेलो. पार्किंगवाला लांबूनच हात करून ओरडला, ‘‘ओ नागपूरवाले, उधर लगाओ!’’ माझं सगळं शिक्षण जिथे झालं, तिथेच मला हिंदीतून रस्ता दाखवला जात होता. नंबरप्लेट बदलली की माणसाची मातृभाषाही बदलते, असा त्याचा समज असावा.

आमचे जावई यातून सुटले. ते केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच मालिका आली आणि त्यांनी तो नंबर घेतला. सैन्यातली माणसं, केंद्र-राज्यांचे आणि सरकारी कंपन्यांचे कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत ज्यांच्या कंपनीची कार्यालयं आहेत असे खाजगी नोकर, यांना तो मिळतो. कर दोन-दोन वर्षांचा भरत जायचा आणि बदली कुठेही होवो, नंबर तोच. सौंसरला गाडी आली तेव्हा ‘बीएच’ वाचून शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेतलं, ‘‘काहून वं, जावई बिहारचा केला का?’’ तो देशाचा नंबर आहे हे आई अजून समजावून सांगते आहे. संत्र्याचा बागायतदार, किराणा दुकानदार, शाळेपुढचा झेरॉक्सवाला यांचा मात्र देशाच्या नंबरावर हक्क नाही. त्यांनी राज्याच्या नंबरातच राष्ट्रप्रेम भागवायचं.

हे सगळं राज्याच्या रेघेवर, तर देशाच्या रेघेवर काय होत असेल? परमुलखात जाऊन कुठल्याही कागदाशिवाय परत आलेले आमच्या माहितीत एकच, ते पिंपळाखाली आडवे आहेत. त्यांनाही लंकेने फुकट सोडलं नव्हतं. शेपूट पेटली होती.

पुतण्या इंग्लंडला नोकरीला निघाला, तेव्हा दादाने त्याला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून दिलं. फॉर्म ४-ए, हजार रुपये, मुदत एक वर्ष. वहिनींनी त्या पुस्तिकेला हळदीकुंकू लावलं. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर दादाचा एकच प्रश्न, ‘‘गाडी घेतली का?’’ आमच्याकडे परदेशातल्या पोराचं बरं चाललंय की नाही, हे त्याच्या पगारावरून कळत नाही, गाडीसोबतच्या फोटोवरून कळतं.

पुतण्याने चौकशी केली. तिथे रहायला गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर किती दिवस गाडी चालवता येते? बारा महिने. हा आकडा ऐकून मी फोनजवळ सरकून बसलो. तेराव्या महिन्यात भारतीय लायसन्सला अर्थ उरत नाही, कारण लायसन्स बदलून देण्याच्या त्यांच्या यादीत आपला देश नाही. मग शिकाऊ लायसन्सचे ३४ पौंड, लेखी परीक्षेचे २३, प्रत्यक्ष परीक्षेचे ६२, आणि तारीख मिळायला महिनोन्‌महिने. सौंसरच्या बाजारात गायी, हातगाड्या आणि वरातींमधून गाडी काढलेल्या माणसाने पुढेमागे लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस बसवायचा.

लेखी परीक्षेत एक भाग धोका ओळखण्याचा आहे. रस्त्याच्या चौदा चित्रफिती दाखवतात. धोका आकाराला येताना दिसला की माऊसची कळ दाबायची. पुतण्या सरावाला बसला. कडेला सायकलवाला दिसला, दाबली कळ. फाटक उघडं दिसलं, दाबली. बाई कुत्रं घेऊन चालली होती, दोनदा दाबली. यंत्राने शून्य दिलं. सारखी कळ दाबणाऱ्याला ते फसवणूक करणारा समजतं. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीची दगडफेक चालू असताना जाम नदीकडच्या गल्लीतून मोटारसायकल काढलेल्या पोराला बहुतेक चित्रफितींत एकच धोका असतो, हे पटणार कसं? त्याच्या अनुभवात धोका अधूनमधून येत नाही, तो सोबतच चालत असतो. अधूनमधून येतो तो रस्ता.

हॉर्नचं तर विचारूच नका. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायचा नाही, आणि उभ्या गाडीतूनही वाजवायचा नाही. दादा म्हणाला, ‘‘मग समोरच्याले कळते कसं, का आपण आलो म्हणून?’’ पुतण्या म्हणाला, ‘‘बाबा, तो आरशात पाहते.’’ दादाचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

आता पैशाचं. तिथे जुनी गाडी स्वस्त, हजार-दीड हजार पौंडांतही मिळते. पण विमेवाला विचारतो: लायसन्स कुठलं, राहता कुठे, गाडी रात्री रस्त्यावर ठेवता की अंगणात? भारतात इतकी वर्षं एकही क्लेम केला नाही, हे पुण्य बहुतेक कंपन्या हिशेबात धरत नाहीत. पुतण्याला जो विमा सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या गळ्यात गळा घालून उभा होता. वर तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी, रोड टॅक्स, आणि लंडनमध्ये जास्त धूर सोडणारी गाडी फिरवली तर दिवसाला साडेबारा पौंड. पुतण्याने बसचा पास काढला.

दादाला हा अपमान वाटला. त्याने पुतण्याच्या सिंगापूरमधल्या मित्राचा दाखला दिला, तो तर साहेब झालाय म्हणे, त्याच्याकडे नक्की गाडी असेल. नव्हती. सिंगापूरला १९९० पासून गाडी घ्यायच्या आधी गाडी बाळगायचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो, दहा वर्षांपुरता. ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाडीचा हा हक्क एक लाख सहा हजार सिंगापूर डॉलरला गेला. आपले साठ लाखांच्या वर, आणि त्यात गाडीचा एक स्क्रूही येत नाही. दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘एवढ्यात तर इकडे संत्र्याचा बगीचा येते, आणि तो दहा वर्षांनी वापस नाही करा लागत.’’

सौंसर ते सिंगापूर हिशेब मांडून माझं मत झालं आहे ते असं. गाडीची किंमत कंपनी ठरवते, पण गाडी बाळगण्याची किंमत गाव ठरवतं, आणि नव्या माणसाला ते गाव कधीही जुन्या भावाने देत नाही. तुमचा चांगला इतिहास, वेळेवर भरलेला कर, न केलेले क्लेम, हे सगळं रेघेच्या अलीकडे राहतं. म्हणून बिऱ्हाड हलवणाऱ्यांना सांगणं एवढंच. राज्य बदलत असाल तर खरेदीचं मूळ बिल हाताशी ठेवा, बँकेची नाहरकत निघण्याआधी घ्या आणि सीमा ओलांडल्याची टोलपावती जपा, कारण बारा महिने कधी सुरू झाले हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. देश बदलत असाल तर गाडी इथेच विका, क्लेम नसल्याचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या, आणि तिकडे गाडीचा भाव विचारण्याआधी विम्याचा विचारा. बसचा पास काढलात तर मात्र घरी फोनवर सांगू नका. फोटोसाठी शेजाऱ्याची गाडी चालते.