आयत्या खाणीवर नागोबा

अमेरिकेच्या टपाल खात्याने 8 जून 1959 रोजी नेवाडातील व्हर्जिनिया सिटी येथे 4 सेंटचे स्मारक तिकीट, म्हणजे एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ काढलेले तिकीट, प्रसिद्ध केले. विषय होता चांदीच्या शोधाची शताब्दी आणि छपाई होती काळ्या शाईत, यावरून खात्याची विषयनिष्ठा ध्यानी यावी. चित्रात माउंट डेव्हिडसन या डोंगरावर हेन्री कॉमस्टॉक दाखवला असून, तेथील खनिजशिरा, म्हणजे खडकाच्या भेगेत साचलेला धातुकाचा पट्टा, त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या शोधात कॉमस्टॉकचा वाटा कोणता, हे सांगताना मात्र इतिहासकारांची पंचाईत होते. 1859 मध्ये तेथे प्रत्यक्ष खणत होते ते पॅट्रिक मॅकलॉफलिन आणि पीटर ओ'रायली हे दोन आयरिश खाणकरी. त्यांना सोने लागताच कॉमस्टॉक अवतरला, ही जमीन आपण चराईसाठी आधीच ताब्यात घेतल्याचे त्याने ठणकावून सांगितले, आणि वाद नको म्हणून त्या भिडस्त जोडीने त्याला भागीदार करून घेतले. पुढे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ‘माझी खाण’ दाखवत राहिला आणि ऐकणाऱ्यांनी ती त्याची मानली. या तिघांच्याही आधी त्या भागात चांदीचा माग काढणारे ईथन आणि होझिया ग्रॉश हे बंधू 1857 मध्येच वारल्यामुळे त्यांची हरकत नोंदवली जाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

चांदीपुरते बोलायचे, तर मॅकलॉफलिन आणि ओ'रायली यांना ती सापडली नव्हती, आड आली होती. सोने धुताना त्रास देणारी निळसर चिकट माती ते शिव्या देत फेकत होते; तिचा नमुना कॅलिफोर्नियात धातुपरीक्षेसाठी, म्हणजे कोणता धातू किती आहे हे तपासण्यासाठी, गेला तेव्हा कुठे तो कचरा चांदीने गच्च भरलेला असल्याचे उघड झाले. शतकोत्सवी तिकिटावर हक्क सांगायचा, तर तो खरे म्हणजे त्या परीक्षकाच्या तराजूने सांगायला हवा होता.

कॉमस्टॉकने आपला हिस्सा थोडक्या हजार डॉलरांत विकला आणि 1870 मध्ये मॉन्टानात तो कफल्लक अवस्थेत मरण पावला. अमेरिकी तिकिटावर हयात व्यक्तीस स्थान नसल्याने पात्रतेची मुख्य अट त्याने निर्विवादपणे पूर्ण केली होती. ती मॅकलॉफलिन आणि ओ'रायली यांनीही तितक्याच चोखपणे पूर्ण केली होती. पण 1859 मध्ये ते खणण्यात गुंतले होते, त्यामुळे बोलायला त्यांना सवड मिळाली नव्हती.