दुसऱ्या सत्रातील वसतिगृहवास : नवागतांस मार्गदर्शन

प्रवेशाच्या वेळी अनामत रकमेच्या पावतीबरोबर जी नियमपुस्तिका प्रत्येक निवासी विद्यार्थ्याच्या हाती ठेवली जाते, आणि जिच्या अखेरच्या पानावर 'वरील सर्व नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत' या धादांत असत्य विधानाखाली विद्यार्थी व पालक या दोघांची स्वाक्षरी घेतली जाते, ती पुस्तिका वस्तुतः पहिल्या सत्रापुरतीच लिहिलेली असते. जून-जुलैच्या पावसात बॅगा सावरीत उतरलेला विद्यार्थी दिवाळीपर्यंत पाहुणाच असतो. तो खोलीच्या दाराशी चपला काढतो, रेक्टरांना दिवसातून दोनदा नमस्कार करतो आणि रूम पार्टनरला 'अहो' म्हणतो. दिवाळीचा फराळ घेऊन तोच इसम परततो, तेव्हा तो वहिवाटदार झालेला असतो. दिवाळीपासून वैशाखाच्या तडाख्यापर्यंत पसरलेल्या या दुसऱ्या सत्रात वसतिगृह ज्या अलिखित कायद्याने चालते, त्याची संहिता आजवर कोणी सिद्ध केलेली नसल्यामुळे, आणि पुण्यातील एका वसतिगृहात त्या कायद्याच्या छायेत आमचा काळ यथास्थित व्यतीत झाला असल्यामुळे, हे लोककार्य आम्ही शिरावर घेत आहोत.

प्रथम पाण्याविषयी. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि नेमक्या त्याच काळात गच्चीवरील सौरयंत्राविषयी निवासी विद्यार्थ्यांच्या मनात अवास्तव श्रद्धा उत्पन्न होते. या यंत्राचा स्वभाव ध्यानात घ्यावा. रात्रभर नळाच्या पोटात साचलेले थंडगार पाणी आधी बाहेर पडल्याशिवाय टाकीतले ऊन पाणी खाली उतरत नाही; सबब जो सत्शील विद्यार्थी सर्वांच्या आधी स्नानगृहात शिरतो, तो स्वतः कुडकुडून मागच्यांची सोय करतो. त्याच्या पाठोपाठ जाणारे दोघेतिघे खऱ्या अर्थाने सुस्नात होतात, आणि आठ वाजता डोळे चोळीत येणाऱ्यास कोमट पाण्यावर समाधान मानावे लागते. म्हणून पहिला क्रमांक कटाक्षाने टाळावा. सूर्य दिवसभर तापत असल्याने पाणी खरे कढत असते ते सायंकाळी, आणि संध्यास्नानास शास्त्राचाही आधार आहे. परंतु हे गुपित फार जणांस सांगू नये. एप्रिलमध्ये हाच न्याय उलटा लागू होतो. दुपारी नळातून येणारे पाणी हातावर घेववत नाही, तेव्हा सकाळच्या स्नानासाठी बादली आदल्या रात्रीच भरून झाकून ठेवावी. जलवाहिन्यांच्या दुरुस्तीची कामे गुरुवारी काढण्याचा या शहराचा शिरस्ता असल्यामुळे बुधवारची रात्र तर या कामी विशेष पवित्र मानावी.

भरलेल्या बादलीवर रंगाने आपले नाव लिहावे असे काही जुने जाणकार सुचवितात. आमच्या बादलीवर आमचे नाव ठळक अक्षरांत होते, आणि तिचा उपभोग आमचे रूम पार्टनर घेत असत.

रूम पार्टनर या विषयास स्वतंत्र प्रकरण देणे उचित झाले असते. परंतु तसे केल्यास इतर कोणत्याही प्रकरणास जागा उरणार नाही, अशी साधार भीती वाटते. आमच्या वाट्यास आलेले सद्गृहस्थ उदगीरकडचे. एकीकडे एम.ए., दुसरीकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि तिसरीकडे निद्रा अशा तीन आघाड्यांवर ते एकाच वेळी लढत, आणि त्यांपैकी तिसऱ्या आघाडीवर त्यांना पराभव असा ठाऊक नव्हता. ब्राह्ममुहूर्ताचे माहात्म्य त्यांना मान्य असल्याने पहाटे चारपासून दर दहा मिनिटांनी वाजेल असा गजर ते मोबाइलवर नित्य लावीत. त्या गजराने आम्ही उठत असू, शेजारच्या खोलीतला भूगोलवाला उठत असे, समोरचे दोघे भिंतीवर मुठी आपटीत असत, आणि ज्याच्या आत्मोद्धारासाठी हा सारा घोष चाले तो पुरुष डोक्यावरून पांघरूण घेऊन निश्चल पडलेला असे. गजर बंद करण्यासाठी उठून त्याच्या उशाशी गेल्यास तो झोपेतच 'राहू दे, उठतोच आहे' असे म्हणतो, ही खूण नवागतांनी लक्षात ठेवावी. यावर उपाय नाही. चार वाजता उठून आपणच अभ्यासाला बसावे. आमची पदवी याच मार्गाने आमच्या पदरात पडली.

उसनवारीचा कायदा मात्र काही अंशी नियमबद्ध आहे. जी वस्तू सलग महिनाभर दुसऱ्याच्या खाटेखाली निर्वेधपणे राहते, तिच्यावर मूळ मालकाचा हक्क उरत नाही, केवळ तगादा लावण्याचा अधिकार उरतो. साबण, चार्जर, इस्त्री आणि रबरी चपला या जंगम मालमत्तेस हा नियम लागू आहे. नोट्स मात्र स्थावरात मोडतात, कारण त्या एकदा गेल्या की हलत नाहीत. गॅदरिंगच्या आठवड्यात नवा कुर्ता कुलुपात ठेवावा.

याच्या बदल्यात काही मिळते की नाही, असे कोणी विचारील. मिळते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी सारे गाव शेतात जेवते आणि गावातल्या रस्त्यांवर चिटपाखरू नसते. लातूर जिल्ह्यात तर त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर होते; पुण्याच्या सुट्ट्यांच्या यादीत मात्र तिचा पत्ता नसल्याने आमच्या उदगीरकर स्नेह्याचा रजेचा अर्ज 'कारण समजले नाही' अशा शेऱ्यानिशी परत आला. तो न सांगता गेला. परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत बाजरीचे उंडे, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि डब्यात घट्ट दाबून भरलेली, वाटाणा-तूर-हरभऱ्याच्या कोवळ्या दाण्यांची भज्जी होती. एका रात्रीच्या प्रवासाने ती किंचित आंबली होती. मजल्यावरचे यच्चयावत लोक आमच्या खोलीत लोटले, भूगोलवाला दोनदा वाढून घेऊन गेला, आणि 'आईने तुझ्यासाठी वेगळं बांधलंय' असे म्हणून स्नेह्याने एक पुडके आमच्या उशीखाली आधीच दडविले होते. त्या सप्ताहात आम्ही बादलीचा विषय काढला नाही.

अर्जाविषयी, यानिमित्ताने, दोन शब्द. अर्ज नेहमी दोन प्रतींत लिहावा, एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का उठवून घ्यावा. शिक्का नसलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने लिहिलाच गेलेला नसतो. मजकूर जितका त्रोटक तितका बरा. 'घरगुती अडचण' या दोन शब्दांत जे सामर्थ्य आहे ते दोन पानी हृदयद्रावक वृत्तान्तात नाही, कारण वृत्तान्तातून प्रश्न उद्भवतात. मुलींच्या वसतिगृहांची फाटके मुलांच्या आधी बंद होत असल्यामुळे, आणि या भेदाचे समर्थन आजवर आम्हांस कोणाकडूनही धडपणे ऐकावयास न मिळाल्यामुळे, तेथे अर्जलेखनाची कला आमच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेली आहे. गरजूंनी तेथून मसुदे मागवावेत. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट मात्र कोणत्याही मसुद्याने वितळत नाही; तिचा हिशेब फेब्रुवारीतच मांडावा.

मेसमध्ये पाळावयाचा मुख्य आचार म्हणजे खाडा. गावी जाण्यापूर्वी आदल्या दिवशी वहीत खाडा मांडून त्यावर मेस सेक्रेटरीची सही घ्यावी, अन्यथा न खाल्लेल्या अन्नाचेही पैसे महिनाअखेरच्या बिलात अवतरतात. जानेवारीत मटार स्वस्त झाला की तो बटाट्यात, फ्लॉवरमध्ये, भातात आणि कधीकधी पोह्यांतही भेटतो. मार्च सरता सरता भाजीपाला महागतो आणि मटकी-चवळीचे राज्य सुरू होते, ते परीक्षेपर्यंत टिकते. पाडव्याच्या श्रीखंडासाठी रांगेत लवकर उभे राहावे. एप्रिलच्या फीस्टमध्ये ज्याला आमरस म्हणतात त्यात आंबा शोधू नये. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात, ही गोष्ट नवागतास पहिल्या रविवारी रात्री साडेआठला, रिकाम्या रस्त्यावर, कळते.

डाळ पातळ आहे म्हणून ताट आपटणाऱ्यांची बाजू आम्ही अनेकदा घेतली आहे आणि प्रसंग पडल्यास पुन्हा घेऊ. तथापि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात उघडलेल्या वसतिगृहात, मुलांच्या धान्यासाठी पैसा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले, हे ठाऊक असलेल्या माणसाला ताट आपटताना हात किंचित आखडतो. आमच्या मेसच्या कंत्राटदाराने काही मोडल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे तक्रारवही वापरावी, ताट ठेवून द्यावे.

दंडाची पावती अवश्य मागावी. याबाबतीत एक ऐतिहासिक दाखला प्रसिद्धच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला १९०५ साली विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल दहा रुपये दंड झाला व वसतिगृह सोडावे लागले. प्राचार्यपदी तेव्हा रँग्लर परांजपे होते. पुढे काळाचे चक्र असे फिरले की त्या विद्यार्थ्याची खोली स्मारक म्हणून जतन करण्यात आली. खोलीत विजेची शेगडी सापडल्यावरून कारणे दाखवा नोटीस आली असता आमच्या उदगीरकर स्नेह्याने आपल्या खुलाशात हाच दाखला दिला. रेक्टरांनी खुलासा शांतपणे वाचला आणि त्यांची खोली जतन करण्याचा संस्थेचा विचार नसल्याचे लेखी कळविले. शेगडी जप्त झाली. चहासाठी यापुढे खालच्या टपरीवर जावे.

आता एका नाजूक कलमाकडे वळणे प्राप्त आहे. दोन खाटांच्या खोलीत, खाटांच्या मधल्या जमिनीवर, रात्री अकरानंतर जी तिसरी गादी अंथरली जाते आणि पहाटे गुंडाळून कपाटावर जाते, तिच्या धन्यास वसतिगृहाच्या भाषेत पॅरासाइट म्हणतात. त्याचा प्रवेश गतवर्षीच संपलेला असतो. 'एवढी पूर्वपरीक्षा झाली की निघालोच' असे तो प्रामाणिकपणे म्हणतो, आणि पूर्वपरीक्षेची तारीख पुढे जाते. हा गृहस्थ सर्वांत वडील असल्याने मजल्यावरचे कज्जे त्याच्यापुढे जातात, नियमपुस्तिका खरोखर वाचलेली असते ती त्यानेच, आणि दुधाची पिशवी न सांगता तोच आणतो. रात्रीच्या झडतीत तो दिसत नाही. कोठे जातो हे विचारू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढली, कारण गावाकडच्या पोराला शहरात अंग टेकायला जागा नसेल तर शाळा-कॉलेजांचे दरवाजे उघडून काही उपयोग नाही, हे त्या राजाने ओळखले होते. आज अर्ज एवढे आणि खाटा तेवढ्या, हा त्रैराशिकाचा हिशेब दरवर्षी जमिनीवर येऊन झोपतो. आमच्या खोलीत तो झोपत होता किंवा नव्हता, याविषयी आम्ही कोणतेही निवेदन करू इच्छीत नाही.

एप्रिलमध्ये अभ्यासिकेत सकाळी सहाच्या आत जाऊन जागा धरावी. पंख्याच्या थेट खाली बसू नये, पाने उडतात, आणि प्लगपासून लांबही बसू नये. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडे आयत्या बांधून मिळतात. बाकीचे ज्ञान रात्री गच्चीवर मिळते. खोल्या भट्टीसारख्या तापलेल्या असल्याने सतरंज्या घेऊन सारा मजला वर येतो, डासांचा बंदोबस्त ज्याने त्याने करावयाचा असतो, आणि रात्री दीडच्या सुमारास, वर्षभर झोपलेला माणूस जागा होतो. महसूलपद्धतीचा जो धडा आमच्या डोक्यात प्राध्यापकांच्या सगळ्या तासांत शिरला नव्हता तो उदगीरकरांनी एका रात्रीत शिकविला; गाव नमुना ७ म्हणजे अधिकार-अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, आणि उदाहरणादाखल त्यांनी स्वतःच्या वडिलांचा सातबारा तोंडपाठ म्हणून दाखविला: गट क्रमांक, क्षेत्र, आकार, पोटखराबा, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, पिकाच्या रकान्यात एके साली सोयाबीन, एके साली 'पड'. पड का, असे कोणीतरी विचारले. 'पाऊस नव्हता,' तो म्हणाला, आणि पुढे फेरफाराची नोंद कशी होते ते सांगू लागला. परीक्षेत त्याच धड्यावर प्रश्न आला. उत्तर लिहिताना नमुना म्हणून आम्ही कोणाचे क्षेत्र दिले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शेवटी वसतिगृह रिकामे करण्याचा विधी. ग्रंथालय, जिमखाना, मेस आणि भांडार यांच्या 'नो ड्यूज'च्या सह्या ज्या क्रमाने अर्जावर छापलेल्या आहेत त्याच्या उलट क्रमाने घ्याव्यात, म्हणजे गर्दी लागत नाही. खोलीच्या पंचनाम्यात खाटा दोन, टेबले दोन, खुर्च्या दोन, पंखा एक, ट्यूब एक अशी नोंद असते. दुसरी खुर्ची सापडत नाही. ती कोणत्याच खोलीत सापडत नाही, तेव्हा घाबरू नये: पंचनामा खोल्यांच्या क्रमाने होत असल्यामुळे, पहिल्या खोलीची तपासणी आटोपून शिपाई सही घेण्यात गुंतला असता मजल्यावरची एकमेव जादा खुर्ची मागच्या दाराने, अथवा गॅलरीतून, दुसऱ्या खोलीत पोहोचवावी, आणि याप्रमाणे ती शेवटपर्यंत न्यावी. खुर्चीचा एक पाय लंगडा असेल तर तो प्रत्येक खोलीत भिंतीकडे करून ठेवावा. आमच्या वेळी ही कामगिरी कपाटावरच्या गादीच्या धन्याने पार पाडली. रेक्टरांनी अखेरच्या खोलीत त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिले, 'या खुर्च्यांना सगळ्यांना एकाच जागी पोपडा आलेला दिसतो' एवढेच म्हणाले, आणि सही केली.

अनामत परत मिळण्यासाठी पुढील सत्रारंभी अर्ज करावा. अर्जास प्रवेशसमयीची मूळ पावती जोडणे सक्तीचे आहे; ती हरवली असल्यास शंभर ठिकाणी शोधण्यापूर्वी रूम पार्टनरच्या पुस्तकांत खूण म्हणून घातलेली नाही ना, याची खात्री पत्राने अथवा फोनने करून घ्यावी. पुस्तके उदगीरला गेली असल्यास रातराणीच्या वाहकाकरवी पावती मागविता येते. छायाप्रत स्वीकारली जात नाही.