नागलीचं सत्त्व आणि छातीएवढी भिंत

"काय गं, मोहरी वाळत घातलीस?"

आमच्या नाशकातल्या कॉलनीत दोन घरांमधली भिंत जेमतेम छातीएवढी. पलीकडच्या काकूंची हनुवटी तिच्यावर बरोबर टेकते. आमच्या ओसरीत ताट दिसलं की काकू भिंतीशी.

"मोहरी कुठली, नागली आहे. मोड आलेली. नातवाचं उष्टावण झालं ना मध्यंतरी, त्याच्यासाठी सत्त्व करतेय."

"मामा आला होता?"

"आला की. चांदीची वाटी घेऊन ऐटीत बसला. बाळानं पहिला घास त्याच्याच नव्या सदऱ्यावर उडवला."

काकू मनसोक्त हसल्या आणि मग आवाज खाली आला. म्हणजे आता कोपऱ्यावरचं घर. "त्यांची सून डबे मागवते म्हणे. सेंद्रिय! एका डब्याच्या पैशात पोतंभर नागली येईल."

"मागवू दे हो, नोकरी करते बिचारी. फक्त डब्यावर 'जैविक भारत'ची खूण आहे का तेवढं बघायला सांगा. नुसतं हिरवं पान छापायला काय लागतं?"

"तुझ्या नागलीवर आहे का खूण?"

काकूंना कमी समजू नये. पण माझी नागली पेठची, माहेरची. भाऊ डोंगरउताराला लावतो. आधी राब भाजायचा, पाऊस झाला की रोपं काढून लावायची, आणि खत काय ते शेणखत. शिक्का नाही, पण वावर ओळखीचं आहे.

"आम्ही तर नुसतं पीठ शिजवायचो," काकू म्हणाल्या. "मोडबिड कशाला?"

इथे मला जरा भाव खायला मिळाला. नुसत्या पिठाची पेज घोटली की खळ होते. बाळाला गिळवत नाही म्हणून आपण पाणी ओततो. मग पोट भरतं ते पाण्यानंच. मोड आले की दाण्यातला स्टार्च फुटायला लागतो, पेज सैल राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. मूठभर पोट ते, त्यात पाणी किती भरायचं? डॉक्टरीणबाईंनी वरणाच्या वरच्या पाण्यालाही तेवढ्यासाठीच नाही म्हटलं. डाळ-भातच मऊ कुस्करा, चमचा कलता केला तरी ओघळू नये इतपत दाट ठेवा, आणि सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. अंगावरचं दूध चालूच.

"करतेस कशी पण?"

"अर्धा किलो निवडून, चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवली. सकाळी फडक्यात घट्ट बांधली. दीड दिवसात मोड आले. आता सावलीत खडखडीत वाळली की मंद भाजायची, हातानं चोळून मोड पाखडायचे, दळून वस्त्रगाळ करायची."

"गिरणीत देणार?"

नावच काढू नका. पहिल्या खेपेला दिली होती. माझ्या आधी कुणाची तरी थालीपिठाची भाजणी दळून गेलेली. सत्त्वाला असा धण्याचा वास, की बाळापेक्षा आजोबांनीच चवीनं संपवलं! आता वहिनीची घरघंटी आणली आहे.

"मीठ-साखर?"

"मीठ वर्षभर नाही, साखर दोन वर्षं नाही. थेंबभर तूप. गोडाला कुस्करलेलं केळं."

"आणि मध?"

"मध तर वर्षभर अजिबात नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचं बीज असू शकतं, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतं. गुटीही बंद केली. सहाण तेवढी चंदनाला ठेवलीय."

काकू उखडल्या. "आम्ही सगळ्या मधाच्या बोटावरच वाढलो!"

"वाढलो त्या इथे भिंतीशी उभ्या आहोत, काकू. न वाढलेल्या कुठून सांगायला येणार?"

यावर काकू थोडा वेळ गप्प होत्या. त्यांची पाठची बहीण तान्हेपणी गेली, हे मला नंतर आठवलं. काही वाक्यं भिंतीपलीकडे जायच्या आधी गिळावीत.

विषय बदलायला मीच मग घरातलं गुपित फोडलं. लोहासाठी अंडं द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नागलीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलं, तरी बाळाला लागणारं लोह तिच्या एकटीच्या भरवशावर सोडायचं नाही. आता आमच्या घरात अंडं! तर हे पूजेला बसले की लेक मागच्या गॅसवर वेगळ्या पातेल्यात पूर्ण शिजवते आणि कुस्करून भरवते.

"त्यांना वास येत नाही?"

"येतो. परवा घंटा जरा जोरात वाजवली, एवढंच."

काकूंची कळी खुलली. संध्याकाळपर्यंत ही बातमी कोपऱ्यावरच्या घरी पोचणार. पोचू दे, त्या सुनेला उपयोगच होईल.

अर्ध्या किलोचं सत्त्व निघालं ३०० ग्रॅम. त्यातली एक वाटी भिंतीवरून पलीकडे गेली, काकूंच्या गुडघ्यांसाठी.