बिनकामाची वेल

डहाणू तालुक्यात झाडानं नुसतं बसून खाणं कुणाला मानवत नाही. घोलवडला १८९८ साली चिकूची लागवड झाली, तेव्हापासून त्या झाडानं या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची पोटं भरली. माड नारळ देतो, ताड ताडी देतो. पावसाळ्यात तलासरीकडच्या पाड्यांवर गेलं की घरांच्या छपरांवर शिराळी नि भोपळ्याच्या वेली पसरलेल्या दिसतात. त्यांनाही ते छप्पर फुकट मिळालेलं नसतं. दोनेक महिन्यांत भाजी द्यावी लागते. अशा या कष्टाळू मुलखात एक वेल मात्र फूल देत नाही, फळ देत नाही, भाजीला चालत नाही, आणि तरी घरातली सगळ्यात चांगली जागा तिलाच मिळते. टीव्हीच्या बाजूची. मनी प्लांट.

पैशाशी तिचा संबंध नावापुरता. घराच्या कर्जाचे हप्ते तिच्या डोळ्यांदेखत जातात आणि ती नवीन पान काढते.

ती विकत आणली तर लाभत नाही, चोरून आणली तर फोफावते, असं म्हणतात. त्यामुळे या चोरीचीही एक रीत ठरून गेली आहे. पाहुणी निघताना कुंडीजवळ रेंगाळते. यजमानीण ‘आलेच हं, कपबशा ठेवून’ म्हणत आत जाते आणि मुद्दाम जरा उशीर लावते. फारच मोठ्या मनाची असेल तर आतूनच ओरडून सांगते, ‘वहिनी, डावीकडची घ्या, तिला पेरं चांगली आहेत!’

पेरांचं ती म्हणते ते खरंच आहे. सगळी करामत पेरात. पानाचा देठ वेलीला जिथे मिळतो तिथे फुगीर सांधा असतो, आणि त्यातून तपकिरी रंगाचं एक आखूड मूळ डोकावत असतं. त्याच्या किंचित खाली कापायचं, पेर पाण्यात बुडवायचं, पानं बाहेर ठेवायची. नुसतं पान खुडून बाटलीत ठेवलं तर ते बरेच दिवस हिरवंगार राहून आशा लावतं, पण त्याची वेल कधी होत नाही. (अशी माणसंही असतात, पण तो विषय वेगळा.) पेराला साधारण दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटली की मातीत लावा, नाहीतर पाण्यातच राहू द्या, तिची तक्रार नसते. उजेड कमी पडला तर पानांवरचे पिवळे पट्टे फिके होतात, एवढंच. मरते ती दुर्लक्षानं क्वचित. जास्त करून मायेनं मरते. रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत हात आवरावा.

बाटलीतल्या पाण्यावर पावसाळ्यात सरकारचीही नजर असते. डासअळ्या शोधायला आलेल्या आशाताई पिंपाइतकंच टीव्हीच्या बाजूलाही बघतात, कारण डेंग्यूच्या डासाला असलंच साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. दर आठवड्याला पाणी ओतून बाटली आतून घासली की ताईही खूश.

तरी या वेलीनं डहाणू-तलासरीत एक नोकरी केली आहे. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाच्या धक्क्यांनी पछाडलं. भर थंडीत माणसं घरं सोडून तंबूत झोपली. त्या दिवसांत फळीवरच्या काचेच्या बाटल्या मुकाट्यानं जमिनीवर आल्या, पण छताला टांगलेली कुंडी राहिली. ‘हललं का गं?’ असं कुणी म्हटलं की सगळ्यांच्या नजरा आधी वेलीकडे. ती डुलत असेल तर बाहेर धूम ठोकायची. पंखा चालू असेल तर पळता पळता भांडायचं.

हवा शुद्ध करण्याची दुसरी नोकरी मात्र तिला उगाच चिकटवलेली. नासानं १९८९ साली बंदिस्त पेट्यांमध्ये प्रयोग केले, त्याचा गवगवा अजून चालू आहे. घरातल्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरमागे निदान दहा कुंड्या लागतील, असा हिशेब २०१९मध्ये झाला. त्यापेक्षा डहाणूला खिडकी उघडावी. समुद्राचा वारा फुकट आहे.

ती मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाची. फुलायला लागणारं जिबरेलिन तिला पुरेसं तयार करता येत नाही, असं २०१६च्या संशोधनात दिसलं. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे घराघरांतली प्रत्येक मनी प्लांट कुणीतरी कापलेली आणि कुणाला तरी दिलेली. चिकूची कालीपत्ती जातही कलमानंच वाढते, खिरणीच्या खुंटावर. पण तिथे रोपवाटिका असते, भाव असतो, पावती असते. इथे नुसती पाहुणी पुरते. कंटाळून कुणी वेल परसातल्या आंब्याखाली फेकली तर ती खोडावर चढते आणि सुपाएवढी पानं काढते, मग ओळखीचीही राहत नाही.

२०१३पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, तेव्हापासून या वेलीचा प्रवास आणखी सोपा झाला. चिकूच्या पिशवीत वरच्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी असते. पालघर गेलं की समोरची बाई विचारते, ‘मनी प्लांट ना? एक पेर द्याल?’

‘द्यायची नसते हो. मी जरा खिडकीबाहेर बघते.’