वेध लागलेले सर

असे एक सर प्रत्येक शाळेत असतात. आमचे सर फळ्यावर ग्रहण काढतात ते बघत राहावं. कंपास न घेता तीन गोल, मग आडव्या खडूने प्रच्छाया, उपच्छाया. राहू-केतू हे दैत्य नव्हेत, चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन बिंदू, हे ते असं तळमळून सांगतात की मागच्या बाकावरचा पेंगणाराही जागा होतो. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये 'ग्रहलाघव' रचून पंचांगाचं गणित सोपं केलं, हे ओघाने येतंच. घंटा झाली की स्टाफरूममध्ये हळूच विचारतात, "वेध कधीपासून हो?"

कुणी हसलं तर उत्तर ठरलेलं : "पाळलं तर बिघडतं काय?"

या एका वाक्यावर सरांचा संसार आणि प्रयोगशाळा दोन्ही चालतात. दसऱ्याला सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार. कुंकू लावणाऱ्या शिपाईमामांवर मात्र खेकसतात, "नळीला लावा, भिंगाला नको!" ग्रहणात फ्रिजमधल्या दुधावरही तुळशीचं पान. आणि रस्त्यावर "दे दान, सुटे गिराण" ऐकू आलं की सौरचष्मा कपाळावर सरकवून खिशात सुटे पैसे शोधतात.

25 ऑक्टोबर 2022 ला मात्र पंचाईत झाली. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, घरात फराळाचे डबे भरलेले, आणि पहाटेपासून वेध. संध्याकाळी सरांनी गच्चीवर चाळीतल्या पोरांना ग्रहण दाखवलं. पोरं चकल्या खात बघत होती, सर उपाशी. त्यातून सूर्य मावळला तोच ग्रासलेला. ग्रस्तास्त! म्हणजे दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब दिसेपर्यंत जेवण नाही.

भुकेने सरांमधला शास्त्रज्ञ खडबडून जागा झाला. "अगं आई, साडेसहाच्या सुमारास मोक्ष झालाच की. सूर्य क्षितिजाखाली आहे इतकंच." चेंडू आणि टॉर्च घेऊन त्यांनी माउलीला ते करूनही दाखवलं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"झाला ना मोक्ष? मग दाखव मला सुटलेला सूर्य. न बघता कशी विश्वास ठेवू?"

सरांना बोलता येईना. 'पुरावा मागा' ही पाटी प्रयोगशाळेत त्यांनीच रंगवून लावली आहे. चकली मिळाली ती पाडव्याला, ऊन गॅलरीत आल्यावर.