अस्सल नेपल्सचा, पनीर टिक्कासह

शहरात पिझ्झाचं नवं हॉटेल उघडलं की पाटीवर ‘अस्सल नेपल्स’ आणि मेनूच्या पहिल्याच पानावर पनीर टिक्का. यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी टोमॅटोची कुंडली मांडावी. तो सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून युरोपात गेला. म्हणजे नेपल्सचा लाल रंगही उसनाच. आपल्या पावभाजीचं तरी काय? पाव पोर्तुगीजांचा, बटाटा-टोमॅटो-मिरची त्याच परक्या खंडातली, पण तिला कुणी सोवळं नेसवत नाही. कुणी म्हणेल, परंपरेला काही नियम असतात की! असतात ना. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोनं २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथला पिझ्झा लाकडाच्या धगधगत्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. तेव्हा पनीर खुशाल घाला, पण दुपारी भुकेनं कळवळणाऱ्या गिऱ्हाइकाला चाळीस मिनिटं ताटकळत ठेवून ‘ताजा बनतोय, सर’ म्हणू नका. नियम मोडायचाच होता तर हा सोडून दुसरा कुठलाही चालला असता. आणि हो, केचप मागितल्यावर वाढप्याच्या चेहऱ्यावर जो इटालियन तुच्छभाव उमटतो, त्याचे पैसे बिलात ‘सेवाशुल्क’ या नावानं धरलेले असतातच.